आजारपणातली गैरहजेरी आणि चौकशी : २६ दिवसांचा हिशेब

आजारी पडला म्हणून कुणालाच चार्जशीट, म्हणजे कंपनीचं आरोपपत्र, मिळत नाही. ती मिळते 'विनापरवाना सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी', 'सवयीची गैरहजेरी' किंवा 'मंजूर रजा संपल्यावरही पुरेशा कारणाशिवाय बाहेर राहणे' या नावाखाली. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीच्या ज्या नियमांना कारखान्यात सगळे स्टँडिंग ऑर्डर म्हणतात त्यांत, गैरवर्तनाच्या यादीत हे प्रकार दिलेले आहेत. चार्जशीटनंतर कंपनीत होणाऱ्या चौकशीत कामगाराच्या बाजूनं बसणाऱ्या आमच्यासारख्यांचं पहिलं काम असतं ते म्हणजे आरोपातले दिवस सुटे करणं. कंपनी एक आकडा लिहिते. त्या आकड्यातला प्रत्येक दिवस कुठे गेला, त्या दिवसाचा कागद कुणाकडे आहे आणि तो दिवस कुठल्या नियमात बसतो, हे वेगवेगळं मांडलं की प्रकरणाचं चित्र पालटतं.

ही पद्धत एका प्रकरणावरून सांगतो. पुण्याजवळच्या चाकण पट्ट्यातला कारखाना, प्रेस शॉपमधला कायम कामगार. आरोप : ३ ते २८ जुलै २०२३, सलग २६ दिवस विनापरवाना गैरहजर. आजार कावीळ. कामगार मूळचा लातूर जिल्ह्यातला, सुट्टीला गावी गेला आणि तिथेच आजारी पडला. हे प्रकरण २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितांच्या आधीचं आहे, त्यामुळे खाली येणारी कलमं त्या वेळच्या कायद्यांची आहेत. संहितांमुळे काय बदललं ते ओघात येईल.

कागद जमवल्यावर २६ दिवसांचे तीन तुकडे पडले. ३ ते ११ जुलै : गावी आणि तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात, त्यात ५ ते ११ दाखल. १२ ते २१ जुलै : पुण्यात परत, ईएसआय (राज्य कामगार विमा योजना) दवाखान्याचा दाखला. २२ ते २८ जुलै : फिटनेस, म्हणजे कामाला योग्य असल्याचा दाखला, घेऊन कामगार गेटवर उभा, आत घेतलं नाही. नऊ, दहा आणि सात. या तीन तुकड्यांना तीन वेगवेगळी उत्तरं होती.

आधी ईएसआयचा तुकडा घेतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. राज्य कामगार विमा कायदा, १९४८ च्या कलम ७३ मध्ये म्हटलंय की कामगार आजारपणाचा लाभ घेत असेल त्या काळात मालकानं त्याला काढू नये, त्याची पायरी किंवा पगार कमी करू नये, दुसरी कुठलीही शिक्षाही करू नये. त्या काळात दिलेली बडतर्फीची किंवा सेवामुक्तीची नोटीस ग्राह्य धरली जात नाही. कलम मोडलं तर कलम ८५ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा चार हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. बरेच कामगार यावरून समजतात की ईएसआयची चिठ्ठी हातात असली की कंपनी कधीच काही करू शकत नाही. तसं नाही. कलमाचं संरक्षण त्या काळापुरतं आहे. कामगार बरा होऊन आल्यावर चार्जशीट देण्याला हे कलम आडवं येत नाही. शिवाय बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं साठच्या दशकातच सांगितलंय की गैरहजेरीच्या नियमाखाली होणारी प्रत्येक सेवासमाप्ती या कलमाच्या कक्षेत येत नाही. म्हणून कलम ७३ चा उपयोग आम्ही दुसऱ्या रीतीनं करतो. सरकारी विमा योजनेच्या डॉक्टरनं ज्या दिवसांबद्दल 'हा माणूस कामाला अयोग्य आहे' असं लिहून दिलं, ते दिवस 'पुरेशा कारणाशिवाय' कसे म्हणता येतील, हा प्रश्न चौकशीच्या नोंदीवर आणायचा. या प्रश्नाला कंपनीकडे सहसा उत्तर नसतं.

फार लांबलेल्या आजाराबद्दल ईएसआयच्या नियम ९८ मध्ये मर्यादा दिल्या आहेत. साधारण आजारात सलग सहा महिने, क्षयरोग, कर्करोग यांसारख्या आजारांत अठरा महिने उपचार झाल्यावर रीतसर नोटीस देऊन सेवामुक्त करता येतं. पाचव्या महिन्यात कुणी घाबरवत असेल तर हा नियम दाखवावा.

ईएसआयच्या पैशांचा हिशेबही माहीत असावा. पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल तर कामगार योजनेत येतो. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या लाभकाळात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के दरानं, वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळतो. पहिले दोन दिवस कोरडे जातात. आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडला तर मात्र ते दोन दिवस कापले जात नाहीत. लाभ देण्याआधी ईएसआयचं शाखा कार्यालय कंपनीला विचारतं की हा माणूस खरंच या तारखांना कामावर नव्हता का. कंपनीनं दिलेलं ते उत्तर जरूर मिळवा. आमच्या प्रकरणात त्या कागदावर कंपनीच्याच सहीनं '१२ ते २१ आजारपणामुळे गैरहजर' असं लिहिलेलं होतं. एकीकडे आजारपण मान्य करायचं आणि दुसरीकडे चार्जशीटमध्ये तेच दिवस विनापरवाना म्हणायचे, हे दोन्ही एकदम चालत नाही.

आता खाजगी दाखल्याचे नऊ दिवस. खाजगी डॉक्टरचा दाखला चालतच नाही असं हजेरी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसमध्ये सर्रास सांगितलं जातं. तसा सरसकट नियम नाही. तुमच्या कंपनीचे प्रमाणित स्थायी आदेश काय म्हणतात ते वाचावं. दाखला टिकतो की पडतो हे त्यावर काय लिहिलंय यावर ठरतं. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. आजाराचं नाव हवं. 'विश्रांतीची गरज' एवढंच लिहिलेला कागद उलटतपासणीत टिकत नाही. तपासल्याची तारीख, कधीपासून कधीपर्यंत अयोग्य आणि दाखला दिल्याची तारीख या तिन्ही स्पष्ट हव्यात. बरं झाल्यावर मागच्या तारखेनं एकदमच घेतलेला दाखला सगळ्यांत कच्चा असतो. कंपनीचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो. त्याला आधार म्हणून दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, रक्ततपासणीचे अहवाल, औषधांची बिलं ठेवायची. कावीळ असेल तर बिलिरुबिनचा अहवाल डॉक्टरच्या चार ओळींपेक्षा जास्त बोलतो, कारण त्यावर लॅबची तारीख असते आणि तो कुणाच्या सांगण्यावरून बदलत नाही.

याच नऊ दिवसांसाठी कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ७९ मधलं पोटकलम ७ कामाला आलं. पगारी रजेचा अर्ज एरवी पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पण कामगाराला शिल्लक असलेली पगारी रजा आजारपणासाठी वापरायची असेल तर अर्ज त्या मुदतीत दिला नसला तरी ती रजा द्यायची, असं हे पोटकलम सांगतं. इंग्रजी मसुद्यात तिथे 'शॅल' आहे, म्हणजे मालकाची मर्जी नाही, बंधन आहे. त्या कायद्यात वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस या दरानं रजा साठत असे. या कामगाराच्या खात्यावर चौदा दिवस शिल्लक होते. खुलाशातच आम्ही ३ ते ११ जुलैसाठी त्यातली रजा मागितली. हा अर्ज चार्जशीटच्या उत्तरात घालायला बहुतेक जण विसरतात. मग शिल्लक रजा तशीच राहते आणि माणूस विनापरवाना ठरतो.

दुकानं, ऑफिसं, आयटी कंपन्या यांना कारखाने कायदा लागू नाही. तिथे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ आहे. आधी दहा, २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, २४० दिवस भरल्यावर दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, साठवण ४५ दिवसांपर्यंत. आजारपणाची वेगळी रजा त्या कायद्यात नाही, त्यामुळे नेमणूकपत्र आणि कंपनीचं रजेचं धोरण हेच तिथे मुख्य कागद.

चौकशीत सगळ्यांत जास्त वेळ 'कळवलं का' या एका प्रश्नावर जातो. ३ जुलैला पहिली पाळी सातची होती आणि सहा चाळीसला कामगारानं लाइनच्या सुपरवायझरला व्हॉट्सअपवर निरोप टाकला होता, 'साहेब गावी आहे, ताप आणि उलट्या आहेत, आज येऊ शकत नाही.' सुपरवायझरनं अंगठा दाखवला होता. ५ तारखेला दवाखान्याच्या पलंगावरचा फोटो गेला होता. कंपनीचं म्हणणं, हा काही रजेचा अर्ज नव्हे. बरोबर आहे, अर्ज नाही. पण माहिती आहे, आणि माहिती मिळाल्यावर कंपनीनं 'अर्ज पाठव, दाखला पाठव' असं एकदाही सांगितलं नाही, हे नोंदीवर आणता येतं. खातेनिहाय चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोर लागू होत नाही, तरी मेसेज असलेला मूळ फोन जपावा. स्क्रीनशॉट काढताना समोरच्याचा नंबर, तारीख, वेळ सगळं दिसेल असा काढावा. फोन बदलला की गप्पा उडतात, म्हणून चार्जशीट येण्याची वाट न पाहता सगळं स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवावं. सुपरवायझरची बदली झाली किंवा त्यानं 'मला आठवत नाही' म्हटलं तर हाच कागद उरतो.

पत्राचा मुद्दा याच्याच जोडीचा. कंपनी 'ताबडतोब कामावर हजर व्हा' अशी एक-दोन पत्रं रेकॉर्डवरच्या पत्त्यावर पाठवते. कामगार भाड्याची खोली बदललेला असतो, पत्ता जुनाच. पाकिटावर पोस्टमनचा शेरा काय आहे ते पाहा. 'घेण्यास नकार' असा शेरा असेल तर पत्र मिळालं असंच धरतात, त्यात सहसा सुटका नाही. 'घर बंद' असेल तर माणूस त्या वेळी दवाखान्यात होता हे दाखवून भांडता येतं. पत्ता बदलला की लेखी कळवून पोच घेणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि नोकरी वाचवणाऱ्या कामांत ते फार वरचं आहे.

चार्जशीट घेताना सही करायला घाबरू नये. 'मिळाली' एवढीच ती सही असते, वर तारीख आणि वेळ घालावी. घेतली नाही तर कंपनी फलकावर लावते, पोस्टानं पाठवते, आणि चौकशीत 'कामगारानं सहकार्य केलं नाही' अशी पहिली ओळ लिहिली जाते. खुलाशाला बहुधा ४८ तास ते सात दिवस देतात. मुदत कमी वाटली तर त्याच दिवशी लेखी वाढ मागावी आणि त्याच पत्रात कागद मागावेत : त्या काळाचा हजेरीपट, रजेचं कार्ड, प्रमाणित स्थायी आदेशांची मराठी प्रत, चार्जशीटमध्ये उल्लेख असलेली जुनी ताकीदपत्रं, आणि गेटची नोंदवही. ही शेवटची वही कुणी मागत नाही. तिची गोष्ट पुढे आहे.

खुलासा लिहिताना टाइम ऑफिसमधला एखादा भला माणूस हमखास सल्ला देतो, 'दोन ओळी लिही, चूक झाली, माफ करा, पुन्हा होणार नाही. साहेब सोडून देतील.' असं लिहू नका. ती दोन ओळींची माफी चौकशीत कबुलीजबाब म्हणून दाखल होते आणि मग आजारपणाचा एकही कागद कुणी वाचत नाही. खुलाशात तारखा लिहाव्यात. कुठल्या तारखेला काय झालं, कुणाला कळवलं, कुठला कागद जोडला. आरोप नाकारतो असं स्पष्ट वाक्य हवं. राग, टोमणे, दुसऱ्या कामगारांची उदाहरणं खुलाशात घालू नयेत. भेदभावाचा मुद्दा असेल तर तो बचावाच्या पुराव्यात नावनिशीवार आणायचा.

निलंबन केलं असेल तर निर्वाह भत्ता हा हक्क आहे. पहिल्या ९० दिवसांत पगाराच्या ५० टक्के, त्यापुढे चौकशी कामगारामुळे लांबलेली नसेल तर ७५ टक्के. भत्ता दिलाच नाही आणि त्यामुळे कामगार चौकशीला येऊ शकला नाही तर चौकशी सदोष ठरू शकते, हे सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये भारत गोल्ड माइन्सच्या प्रकरणात धरलंय. म्हणून भत्ता थकला की प्रत्येक महिन्याला पत्र द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निलंबनापासून चौकशी साधारणपणे ९० दिवसांत पुरी करायची असं आलं आहे. कामगाराच्या दृष्टीनं ते चांगलं आहे. मात्र त्याच संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांपुरती आहे. आधी महाराष्ट्रात ही मर्यादा ५० होती. लहान कारखान्यातल्या माणसाचा आधार त्यामुळे पातळ झाला आहे, ही खरी काळजीची गोष्ट आहे. अशा ठिकाणी नेमणूकपत्राची आणि कंपनीच्या लेखी नियमांची प्रत आत्ताच मिळवून ठेवावी.

आता चौकशी. टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी, बहुधा कंपनीनं फी देऊन आणलेला बाहेरचा वकील. केवळ त्याला कंपनी पैसे देते म्हणून चौकशी रद्द होत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यावर शक्ती घालवू नये. त्याचा पक्षपात नोंदीत दिसला पाहिजे : प्रश्न नाकारला, कागद मागू दिला नाही, साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घातलं. असं झालं की त्याच क्षणी 'माझी हरकत नोंदवा' म्हणायचं आणि ती रोजनाम्यात, म्हणजे बैठकीच्या नोंदीत, उतरली का ते पाहूनच सही करायची. उतरवली नाही तर स्वतःच्या सहीखाली एक ओळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी पत्र द्यायचं. प्रत्येक बैठकीची प्रत त्याच दिवशी मागायची.

कामगाराला बचाव प्रतिनिधी घेण्याचा हक्क आहे. आदर्श स्थायी आदेशांत सहकामगार किंवा तो ज्या युनियनचा सभासद आहे तिचा पदाधिकारी असं आहे. कामकाज मराठीत व्हावं अशी मागणी पहिल्याच बैठकीत लेखी द्यावी. इंग्रजीत टाइप झालेल्या कागदावर 'वाचून दाखवलं, समजलं' या वाक्याखाली कामगार सही करतो आणि तिथेच प्रकरण हातचं जातं.

सुरुवातीला चौकशी अधिकारी विचारतो, 'आरोप मान्य आहे का?' कितीतरी जण म्हणतात, 'गैरहजर होतो, पण आजारी होतो.' रोजनाम्यात येतं, 'गैरहजेरी मान्य.' उत्तर एकच द्यावं : आरोप मान्य नाही.

कंपनीचा पहिला साक्षीदार टाइम ऑफिसचा. त्याची सरतपासणी दहा मिनिटांत संपते : हजेरीपट दाखल, २६ दिवस लाल 'ए', संपलं. उलटतपासणीत आम्ही त्याला आजाराबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते असं :

२२ जुलैला कामगार गेटवर आला होता का? 'हजेरीपटात गैरहजर आहे.'

हजेरीपटात नोंद कशावरून होते? 'पंचिंगवरून.'

पंचिंगचं मशीन कुठे आहे? 'गेटच्या आत.'

गेटवर अडवलेल्या माणसाला पंचिंग करता येईल का? 'नाही.'

गेटवर सुरक्षारक्षकाची नोंदवही असते का? 'असते.'

ती तुम्ही पाहिली का? 'नाही.'

चौकशीत दाखल केली आहे का? 'नाही.'

इथे थांबायचं. सातवं उत्तर मिळाल्यावर 'म्हणजे तुम्ही मुद्दाम लपवताय ना' असं विचारण्याचा मोह होतो आणि साक्षीदाराला सावरायला वाव मिळतो. उलटतपासणीत 'का' नं सुरू होणारा प्रश्न शक्यतो टाळावा, उत्तर आपल्या हातात राहत नाही. त्याऐवजी तिथेच नोंदवहीची मागणी लेखी दिली. पुढच्या बैठकीला वही आली. २२ जुलै, सकाळी ६.५०, निळ्या शाईत सुरक्षारक्षकाचं अक्षर : 'फिटनेस घेऊन आला. कंपनी डॉक्टर मंगळवारी. परत पाठवले.' २५ जुलै, मंगळवार : 'डॉक्टर आले नाहीत.' २८ जुलै, शुक्रवार : 'मेडिकल झाले, उद्यापासून.' सात दिवस कामगार काम मागत होता आणि तेच सात दिवस त्याच्या आरोपात मोजले गेले होते.

हा प्रकार औद्योगिक पट्ट्यात फार चालतो. कंपनीचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, तोवर गेटवर थांबवलेला माणूस कागदावर गैरहजरच राहतो. फिटनेस घेऊन गेल्यावर आत घेतलं नाही तर त्याच दिवशी एचआरच्या मेलवर दोन ओळी टाकाव्यात : आज अमुक वाजता फिटनेस दाखल्यासह हजर झालो, मला परत पाठवलं, मी कामाला तयार आहे. गेटचा फोटो काढत बसू नका, बऱ्याच ठिकाणी त्यावरून वेगळी चार्जशीट देतात.

दुसरा साक्षीदार सुपरवायझर. त्यानं मेसेज मिळाल्याचं मान्य केलं, वर म्हणाला, 'मी एचआरला सांगायला हवं होतं का ते मला माहीत नाही.' त्याच्यावर आणखी काही चढवायची गरज राहिली नाही.

बचावाच्या वेळी कामगारानं स्वतः साक्ष द्यावी. कागद नुसते जोडून दिले तर चौकशी अधिकारी लिहितो, 'कागद सिद्ध केले नाहीत.' डॉक्टरला बोलावणं अवघड असतं, तालुक्याचा डॉक्टर चाकणला येत नाही. निदान डॉक्टरचं पत्र आणि दवाखान्याच्या नोंदवहीची शिक्का मारलेली प्रत घ्यावी, आणि 'आम्ही डॉक्टरची साक्ष घ्यायला तयार आहोत, कंपनीनं शंका असेल तर बोलवावं' असं लेखी द्यावं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. चौकशीवर बहिष्कार टाकू नका. 'निकाल ठरलेलाच आहे, कशाला जायचं' म्हणून कामगार घरी बसतो आणि एकतर्फी चौकशी होते. पुढे कोर्टात न्यायाधीशासमोर उभी राहते ती याच टेबलावरची नोंद. सुप्रीम कोर्टाचे चांगले निकाल त्यांनाच उपयोगी पडतात ज्यांच्या नोंदीत काहीतरी आहे. डी. के. यादवच्या १९९३ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की अमुक दिवस गैरहजर राहिला म्हणून नोकरी आपोआप संपली असं चौकशीशिवाय म्हणता येणार नाही. कृष्णकांत परमारच्या २०१२ च्या निकालात सांगितलं की गैरहजेरी जाणूनबुजून केलेली आहे हे सिद्ध झाल्याशिवाय ते गैरवर्तन होत नाही, आजार, अपघात, दवाखान्यात दाखल होणं यांमुळे माणूस येऊच शकत नसेल तर ती जाणूनबुजून केलेली नाही. परमार सरकारी नोकर होते, पण हा विचार कारखान्याच्या चौकशीतही मांडता येतो. उलट २०१४ मध्ये चेन्नई मेट्रोपॉलिटन वॉटर सप्लायच्या प्रकरणात दीर्घकाळ न कळवता, पत्रांना दाद न देता गैरहजर राहिलेल्या इंजिनिअरची बडतर्फी कोर्टानं कायम केली. आजार खरा असूनही गप्प बसलेला माणूस या दुसऱ्या रांगेत ढकलला जातो.

चौकशी संपल्यावर अहवालाची प्रत कामगाराला मिळालीच पाहिजे आणि शिक्षेआधी त्यावर म्हणणं मांडायची संधीही, हे ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या १९९३ च्या निकालापासून खाजगी कंपन्यांनाही लागू आहे. आमच्या अहवालात सलग गैरहजेरी सिद्ध झाली नाही असा निष्कर्ष आला, पण पुढे एक ओळ होती : 'तथापि कामगाराने विहित नमुन्यात रजेचा अर्ज केला नाही, हे सिद्ध होते.' हा आरोप चार्जशीटमध्ये नव्हताच. जो आरोप ठेवला नाही त्यावर बचाव मागितलेला नसतो, म्हणून त्यावर शिक्षाही देता येत नाही. हे शिक्षेआधी येणाऱ्या दुसऱ्या कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरात लिहिलं. त्याच उत्तरात जुन्या रेकॉर्डचा मुद्दाही घ्यावा. आदर्श स्थायी आदेशांनुसार शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य, मागचं रेकॉर्ड आणि इतर परिस्थिती पाहायची असते. कामगाराचं रेकॉर्ड स्वच्छ असेल तर आपणच ते लिहावं. वाईट असेल आणि कंपनी ते वापरणार असेल तर त्याची माहिती कामगाराला आधी मिळायला हवी.

बडतर्फी झालीच, किंवा होणार अशी खात्री वाटली, तर महाराष्ट्रात एक जास्तीचा दरवाजा आहे : कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, १९७१. त्याच्या चौथ्या अनुसूचीच्या पहिल्याच बाबीत विनापरवाना गैरहजेरीच्या खोट्या किंवा रचलेल्या आरोपावरून काढणं ही अनुचित प्रथा म्हणून दिलेली आहे. नैसर्गिक न्याय डावलून घाईनं काढणं आणि किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक शिक्षा देणं याही त्याच बाबीत आहेत. तक्रार ९० दिवसांत करायची असते आणि अंतरिम स्थगिती मागता येते. या कायद्याखाली एकदा गेलात की त्याच गोष्टीसाठी औद्योगिक विवादाचा रस्ता बंद होतो, त्यामुळे वकिलाशी बसून आधी ठरवा. दुसरा रस्ता समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवसांनंतर थेट न्यायाधिकरणात जाण्याचा. त्याला जुन्या कायद्यात बडतर्फीपासून तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोनच आहेत. तक्रारीत 'बडतर्फीनंतर मला कुठेही पगारी काम मिळालेलं नाही' हे वाक्य खरं असेल तर पहिल्याच अर्जात लिहावं. दीपाली सुरवसेच्या २०१३ च्या निकालानुसार मागच्या पगाराचा दावा तिथून उभा राहतो.

या सगळ्याच्या मधे कधीतरी एचआरकडून बोलावणं येतं : 'राजीनामा दे, हिशेब पूर्ण करतो, रेकॉर्डही खराब होणार नाही.' तिथे एकट्यानं जाऊ नका आणि त्या दिवशी कशावरही सही करू नका. दबावाखाली सही झालीच तर त्याच दिवशी मेलनं राजीनामा मागे घेत असल्याचं कळवा, कारण स्वीकारण्याआधी तो मागे घेता येतो. एक लक्षात असू द्या, 'सततच्या प्रकृती अस्वास्थ्यामुळे सेवासमाप्ती' अशी ऑर्डर औद्योगिक विवाद कायद्यात नोकरकपातीच्या व्याख्येतून वगळलेली होती. त्यामुळे तशा ऑर्डरमध्ये कपातीची भरपाई मिळत नाही. ती भाषा दिसली की लगेच वैद्यकीय पुराव्यासह हरकत घ्या.

त्या प्रकरणात शेवटी कंपनीनं बडतर्फीचा विचार सोडला आणि ताकीदपत्र दिलं. कामगार म्हणाला, सुटलो, आता जाऊ दे. आम्ही त्याला बसवून ताकीदपत्राचं उत्तर लिहून घेतलं : अहवालात सलग गैरहजेरी सिद्ध झालेली नाही, ३ ते ११ जुलै पगारी रजा, १२ ते २१ ईएसआय, २२ ते २८ गेटवर अडवल्याचे दिवस, ताकीद मान्य नाही, हे पत्र माझ्या वैयक्तिक फाइलला जोडावं. पोच घेतली. पुढच्या खेपेला 'सवयीची गैरहजेरी' लिहिताना पहिला पुरावा म्हणून हेच ताकीदपत्र काढलं जातं, आणि त्या वेळी त्याच्या पाठीला हे उत्तर लागलेलं असायला हवं. सात दिवसांच्या पगाराचा दावा वेगळा केला.